सही माझी, नाव दुसऱ्याचं

"ही सही माही नाई." वामनरावांनी कागद काउंटरवर ठेवला. सत्तरीचे गृहस्थ. सिंदी मेघेहून एसटीनं आमच्या सिंदी रेल्वेच्या कुरिअर ऑफिसात आले होते. मी तिथं पार्सल वाटायचो. शिक्षण चौथी.

पुण्याच्या त्यांच्या पोरीनं कम्प्युटरवरून आईसाठी साखर तपासायची मशीन मागवली, क्रेडिट कार्डावर. मशीन आली नाही. असं झालं की बँकेत तक्रार करता येते. तिला डिस्प्युट म्हणतात. बँक दुकानदाराला पुरावा मागते, दुकानदार कुरिअरला. आमचा पुरावा एकच, डिलिव्हरी शीटवरची सही. ती होती. तक्रार खारीज.

"पैशाचं सोडा," वामनराव म्हणाले. "पोरगी म्हणते, बाबा, तुम्हीच घेतलं अन् विसरले. मले डोक्याच्या डॉक्टरकडं नेऊन राह्यली. बायकोबी आता घराची चाबी हाती देत नाई."

मॅनेजर हसले. "काका, उमरच तशी हाये."

सही मी केली होती.

पार्सलवर नुसतं 'सिंदी, वर्धा' होतं. आपल्याकडं सिंद्या दोन. एक वर्ध्याला लागून मेघे, दुसरी ही रेल्वेची. पार्सल चुकून इकडं आलं, अन् वामनरावांचं घर इथं सापडेना. घर सापडलं नाही तर पार्सल ऑफिसात परत आणून तसं लिहून द्यायचं, हा नियम. त्या दिवशी वर्ध्याच्या दवाखान्यातून निरोप आला, माझ्या बायकोचं काही खरं नाही. मी पार्सल बाजारातल्या किराणावाल्याकडं टाकलं, वामनरावांच्या नावानं सही मारली अन् स्टेशनावर पळालो. वर्ध्याला पोचलो तर तिच्या तोंडावर चादर ओढली होती. पार्सलाचं मग सुचलंच नाही. ते कोणी नेलं, किराणावाल्यालाही सांगता आलं नाही.

मी पुढं होऊन "ती सही..." म्हणालो, तसं मॅनेजरनं मला मागं ओढलं. "तोंड उघडू नको. नोकरी जाईन."

"आता कोणासाठी ठेवू?"

मी कागद घेतला. लिहिलं, सही माझी आहे, यांची नाही. खाली माझं नाव. वामनरावांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"एवढी कायची घाई होती बे तुले?"

"घरची मरून राह्यली होती, काका."

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "माही त जित्ती हाये. आधी तिले दाखवतो."

पैसे पोरीच्या कार्डावर परत आले. डॉक्टर रद्द झाला. माझी नोकरी त्याच दिवशी गेली, ते बरोबरच.

पार्सल वाटणाऱ्यांना एवढंच सांगतो. घर सापडलं नाही तर 'सापडलं नाही' असं लिहा. अर्धा तास जातो. मी तो वाचवला. त्या दिवशी वर्ध्याची गाडी पाऊण तास लेट होती.