अर्धा लिंब

वीज पडली त्या दुपारी आई आणि आण्णा यांच्यातल्या अबोल्याला चार दिवस झाले होते. मी पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. दसऱ्याला जोडून रजा घेऊन सोलापूरला आले, तर घरात ही तऱ्हा. दोघं चार हातांवर बसलेली आणि बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"तुझ्या वडलांला इचार, अजून भाकरी वाढू का."

"तुझ्या आईला सांग, पोट भरलं."

भांडण दारातल्या कडुलिंबावरून झालं होतं. आण्णा रेल्वेत गँगमन होते. हा प्लॉट घेतला तेव्हा इथं नुसता मुरूम होता. घराचा पाया भरायच्या आधी त्यांनी लिंबाचं रोप लावलं. आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं. त्या वेळी तर तेही धड यायचं नाही. आण्णा झाडाच्या आळ्यात एक फरशी टाकून तिच्यावर बसून आंघोळ करायचे, म्हणजे तेच पाणी मुळाला जायचं. पुढे झाड वाढलं, घर झालं, स्वयंपाकघराची भिंत खोडापासून जेमतेम दोन हातांवर आली. आईचं म्हणणं एवढंच होतं, की पत्र्यावर टेकलेली फांदी काढा. पाला पडून पन्हाळ तुंबतं, मुंग्या फांदीवरून थेट साखरेच्या डब्यात येतात. आण्णा काही ऐकेनात. शेवटी ती चिडून म्हणाली, "माझ्यापरीस ते झाड जास्ती हाय तुमाला."

आण्णा म्हणाले, "व्हय, हाय."

बस. तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलली नव्हती.

त्या दिवशी साडेतीन-चारचा सुमार असेल. आण्णा नेहमीप्रमाणे लिंबाखाली लोखंडी कॉटवर पेपर वाचत पडले होते. दक्षिणेकडून आभाळ काळं होत आलं होतं, लांब कुठेतरी गडगडत होतं, पण थेंब नव्हता. परतीचा पाऊस आमच्याकडे असाच येतो, बराच वेळ नुसता आवाज करतो. आई चहा ठेवून खिडकीतून बाहेर बघत होती. मला म्हणाली, "त्यांला सांग की आत या म्हणून. गरजायलंय."

"सांगते," म्हणाले आणि फोनवरचा मेसेज वाचत बसले. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा "सांगते गं" म्हणाले.

मग आईनेच खिडकीच्या गजाला तोंड लावून हाक मारली, "अवो! आत या की! च्या झालाय."

मला हसूच आलं. आण्णा ताडकन उठले. पेपर काखेत, चपला पायात घातल्या-न घातल्यासारख्या, आणि लहान मुलाला खाऊला बोलवावं तसे घरात आले. उंबऱ्याच्या आत दोन पावलं टाकली असतील नसतील, तेवढ्यात सगळं पांढरं झालं.

आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही. छातीवर धक्का बसला एवढं आठवतं. डोळे उघडले तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीचा गिलावा खाली आला होता, मीटरच्या पेटीतून धूर येत होता, आणि करपलेल्या कडू पाल्याचा वास घरभर होता. आई ओट्यापाशी उभी, हातात सांडशी तशीच. आण्णा जमिनीवर बसले होते. मी धावत जाऊन त्यांची नाडी पाहिली. नाडी जोरात होती, पण नीट होती. "आण्णा, ऐकू येतंय का?" ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. डाव्या कानातून रक्ताचा एक बारीक ओघळ आला होता.

आई माझ्या शेजारी येऊन बसली. तिने त्यांच्या तोंडावरून, खांद्यावरून, हातावरून हात फिरवला. बाजारात वांगी बघते तसा, कुठं मऊ लागतंय का हे चाचपत. मग उठली, गाळणी शोधली आणि चहा गाळायला लागली. अर्धा चहा ओट्यावर सांडला.

बाहेर शेजारपाजारचे जमले होते. शेंड्यापासून मुळापर्यंत लिंबाची साल एका पट्ट्यात सोलून निघाली होती. आतलं पांढरं लाकूड उघडं पडलं होतं आणि त्यातून वाफ येत होती. सालीचे तुकडे गल्लीच्या टोकापर्यंत उडाले होते. खोड मधोमध तडकून घराकडची बाजू पत्र्यावर कलली होती. कॉटच्या नायलॉनच्या पट्ट्या वितळून काळ्या झाल्या होत्या. आण्णा जिथं डोकं ठेवायचे तिथली पट्टी तर उरलीच नव्हती. मी ते पाहिलं आणि पहिल्यांदा रडू फुटलं. मी दोनदा "सांगते" म्हणाले होते.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानाचा पडदा फाटलाय, भरून येईल, वेळ लागेल. उजव्या कानातही आठवडाभर घणघण राहील. त्यामुळे आण्णांना स्वतःचा आवाज कळेना. हळू बोलतोय असं समजून ते चौकातल्या पुढाऱ्यासारखे बोलायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी आई दारात गहू निवडत होती. आण्णा तिच्याजवळ जाऊन बसले, इकडं तिकडं बघितलं, आणि अगदी कानात सांगितल्यासारखं वाकून मोठ्यांदा म्हणाले, "त्या दिवशी मी व्हय म्हणालो न्हवं का? ते खरं न्हवतं. तूच जास्ती हाइस."

समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. पलीकडे कुणीतरी हसलं. आई लाजून लाल झाली. तिने पदर तोंडाला लावला आणि हाताने त्यांना 'हळू, हळू' करायला लागली. आण्णांना वाटलं तिला ऐकू गेलं नाही. त्यांनी आणखी जोरात पुन्हा सांगितलं.

मग मीही त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन माझं सांगितलं. आईने सांगूनही मी हाक मारली नव्हती, हे. ते म्हणाले, "तू हाक मारली असतीस तर येतो म्हणलो असतो आणि पडून ऱ्हायलो असतो. चार दिवसांनी हिचा आवाज ऐकला म्हणून तर उठलो." आजही ते वाक्य मला पुरतं.

लिंबाचा निर्णय मात्र राहिला होता. आण्णा म्हणायला लागले, समदं तोडून टाका. ज्या माणसाने एका फांदीसाठी चार दिवस अबोला सोसला, तो आता झाडाकडे पाठ करून बसायचा. ते सारखे आईच्या चुलीवरच्या पत्र्याकडे बघत. महापालिकेत अर्ज दिला, तिथला माणूस येऊन मोबाईलवर फोटो काढून गेला आणि परवानगी मिळाली. मी झाडं तोडणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांना बोलावून आणलं.

चाचा लगेच कुऱ्हाडीला हात घालतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी झाडाला एक फेरी मारली. कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर ठिकठिकाणी ठोकून ऐकलं. मग चाकूने घराकडच्या बाजूची साल खरवडली, तर खाली तपकिरी कोरडं निघालं. रस्त्याकडची खरवडली, तर हिरवं, ओलं.

"आधा झाड जिंदा है, अम्मा," ते आईला म्हणाले. "उसको नक्को काटो."

आण्णांना मी ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "नको. परत ईज पडली तर? ही दिवसभर त्येच्याखालीच असती."

आई उठून त्या हिरव्या ओरखड्याजवळ गेली. बोटाने तो ओलावा पाहिला. म्हणाली, "जित्तं हाय म्हणत्यात न्हवं? मग जित्त्याला कशाला मारायचं? घराकडचं काडा आणि माझी ती फांदी काडा. बाकी ऱ्हाऊ द्या."

"तूच म्हणत हुतीस की मुंग्या—"

"मुंग्यांचं मी बघती."

चाचांनी वर चढून दोर बांधले. एकेक फांदी कापून दोराने धरून अंगणात उतरवली, पत्र्याला ओरखडासुद्धा नाही. दोन दिवस काम चाललं. मोठा ओंडका खाली आला तेव्हा आण्णा घरातून बाहेर आले आणि त्यावर तळहात ठेवून बसून राहिले. आई जवळ गेली नाही. आत मला म्हणाली, "बसू दे जरा." संध्याकाळी त्यांनी स्वतःच चुना आणि निळं मोरचूद कालवलं. गावाकडे माढ्याला डाळिंबांना कीड लागू नये म्हणून लावतात तसं. जुन्या कुंच्याने ते उघड्या लाकडाला वरपासून खालपर्यंत फासलं. हात पोचेना तिथं आईने स्टूल धरलं.

हिवाळाभर लिंब निळ्या पट्ट्याचा, एका खांद्याचा उभा होता. चैत्रात आईचा फोन आला. तिने फोन खिडकीबाहेर धरला होता, व्हिडिओवर. तांबूस कोवळी पालवी, फक्त रस्त्याच्या बाजूला.

आता सावली घरावर पडत नाही, कुंपणाबाहेर गल्लीत पडते. उन्हाळ्यात शेजारच्या विडी वळणाऱ्या दोघी-तिघी तेलुगू बायका मांडीवर सुपं घेऊन तिथं येऊन बसतात. आईही आपलं बसायचं पोतं घेऊन त्यांच्यात जाऊन बसते आणि त्यांच्याकडून तेलुगू शिकते. मी दुपारी फोन केला, की आण्णाच उचलतात. कान बराच भरून आलाय, तरी थोडं मोठ्यानेच बोलतात.

"आई कुठंय?"

"भाईर हाय. गप्पा मारायला लागलीय. बोलवू का?"

"नको, बसू दे."

"व्हय, बसू दे," आण्णा म्हणतात, आणि मग आम्ही दोघंच बोलत बसतो.