नववी उडी

आमच्या नृत्यविभागात ताई आल्या त्या फुटबॉलच्या मैदानावरून. काम तेच, मुलांच्या दुखापती बघायच्या. सरावाच्या हॉलला लागून त्यांची खोली: एक बाक, बर्फाचं मशीन आणि चिकटपट्ट्यांचं कपाट. मी हॉलमध्ये पियानो वाजवतो. वयानं थोरला, तरी सगळ्यांसारखा मीही त्यांना ताईच म्हणतो. त्या मला मास्तर म्हणतात.

पहिल्याच वर्षी त्यांची एक चूक झाली, आणि ती मैदानावरून आलेल्या माणसाचीच चूक होती. फुटबॉलवाला नुसता धक्का लागला तरी गवतावर लोळतो. आमच्या मुलींचं उलट. पायाची सालटी निघाली तरी ओठांवरचं हसू हलू द्यायचं नाही, हेच तर आम्ही त्यांना चार वर्षं शिकवतो. एक मुलगी नडगी दुखते म्हणून आली. ताईंनी तिला एका पायावर दहा उड्या मारायला लावल्या आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मुलगी गोड हसत होती. "जा, नाच," ताई म्हणाल्या. त्याच संध्याकाळी प्रयोगात तिचं हाड मोडलं. तो आवाज मी पियानोपाशी बसून ऐकला. मुलगी पुन्हा नाचली नाही.

तेव्हापासून ताई कुणाचा चेहरा बघत नाहीत. पोरीला भिंतीकडे तोंड करून उभं करतात, स्वतः डोळे मिटतात आणि उड्या नुसत्या ऐकतात. दुखऱ्या पायाची उडी जड पडते, असं त्यांचं म्हणणं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ताई तर पाणीसुद्धा फुंकायला लागल्या. त्यांची लेक घरात जिना उतरताना चपला हातात घेते. "नाहीतर आई खालून पावलं मोजते हो," ती एकदा म्हणाली. आम्ही हसलो, ताई हसल्या नाहीत. खोली रिकामी असली तरी खिडकीपाशी त्यांना उड्या ऐकू यायच्या, तेही भर दुपारी. दहा झाल्या की थांबायच्या. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं.

यंदा वार्षिक प्रयोगातली मुख्य मुलगी नडगी चोळताना दिसली. बाहेरच्या मोठ्या नृत्यसंस्थेची माणसं खास तिला बघायला येणार होती. त्यांच्याकडे जागा एकच होती. ताईंनी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मला हाक मारली. "मास्तर, तुमचा कान तयार आहे. ऐका जरा."

दहा उड्या झाल्या. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नववी," त्या म्हणाल्या. "नववी जड पडली. ऐकलीत ना?"

मुलगी वळून माझ्याकडे बघत होती.

"ऐकली," मी म्हणालो.

विभागप्रमुखांनी आदळआपट केली. मुलीच्या वडिलांनी हात जोडले. पण ताईंचा नकार म्हणजे दगडावरची रेघ. "मास्तरांनीही ऐकलंय," एवढंच त्या सांगत राहिल्या. दुसरी मुलगी नाचली आणि ती जागा तिला मिळाली. चार दिवसांनी एक्स-रे आला. त्यात काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीची बारीक चीर दिसतेच असं नाही. म्हणजे असेलही, नसेलही.

मुलगी आपलं सामान न्यायला आली तेव्हा मी तिथेच होतो. ती रडली नाही.

"ताई, तुम्ही मला नाही थांबवलंत," ती म्हणाली. "त्या पहिल्या मुलीला थांबवलंत. मी नुसती मध्ये आले."

ती गेल्यावर ताई बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "पण तुम्ही ऐकलीत ना, मास्तर?" मी मान हलवली. मी भित्रा माणूस आहे. ते हाड मोडताना मी एकदा ऐकलंय, पुन्हा ऐकायची छाती नव्हती.

ताईंना आता उड्या ऐकू येत नाहीत. बरं वाटतं म्हणतात. दुपारी त्या जेवायला गेल्या की मी पियानोचं झाकण लावतो, आणि शेजारी त्यांच्या खोलीत खिडकीपाशी सुरू होतं. मी मोजतो. सातवी, आठवी, नववी, दहावी. सगळ्या सारख्या, त्या दिवशी होत्या तशाच.