गार पाण्यातली बाटली
थर्मासचं झाकण उघडलं की महाडला पूर ओसरल्यानंतरची ती सकाळ आठवते. घरात गुडघाभर चिखल होता, फ्रिज आडवा पडून आईचं इन्सुलिन त्यात गेलं होतं आणि बाजारातली औषधाची सगळी दुकानं बुडाली होती. आई ग्लानीत पुटपुटली, "मला झोपू दे." मी दारात उभी राहून नुसती रडत होते. मोहल्ल्यातले एक चाचा थांबले. "रडू नको गो, पोलादपूरला मिळतंय काय बघून येतो." वाटेत दरड कोसळली होती. तिथे मोटारसायकल टाकून ते पुढे चालत गेले आणि दिवस मावळताना गार पाण्याच्या थर्मासमध्ये बाटली घेऊन परतले. आई वाचली. सकाळी कळलं, त्यांच्या घरातला चिखल अजून कुणी काढलाच नव्हता. मी घमेलं घेऊन गेले. अजूनही पाऊस वाढला की मी आधी त्यांच्या दाराशी जाऊन येते.