जनरेटरचं तिकीट

आमच्या हॉस्पिटलच्या देखभाल विभागात कामापेक्षा कामाच्या नोंदीलाच जास्त वेळ जातो, आणि ती नोंद माझ्या गळ्यात. कॉम्प्युटरवर आमच्या टीमचं एक पान आहे. त्यात तक्ता: काम काय, कोणाचं, किती दिवसांनी. दर सोमवारी मी ते पान उघडून एकेका ओळीचं तिकीट, म्हणजे त्या कामाचा नंबर घातलेला हुकूम, काढायचो. पाण्याचा फिल्टर, तिकीट. लिफ्टचं ऑइल, तिकीट. तीच कामं, तेच शब्द. वीट आला होता नुसता.

आमचे फिटर मामा दुधनीचे. तिकिटं नव्हती तेव्हापासून दर सोमवारी ते जनरेटर अर्धा तास चालवून बघायचे. सोलापूरचा उन्हाळा, लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि डायलिसिसची खोली त्या जनरेटरवर. पान तयार करताना मी विचारलं होतं, "मामा, जनरेटर किती दिवसांनी?"

"ते काय लिवायचं? करतोच की मी."

मी तो रकाना मोकळा सोडला. तिकीट आठवणीनं काढत राहिलो.

मग एकदा मामांनी तिकिटाशिवाय एक कूलर साफ केला. महिन्याच्या कामांचा आणि तिकिटांचा हिशोब जुळेना. वरचे साहेब माझ्यावर खेकसले, मी मामांवर. "इथून पुढं तिकिटाशिवाय कशालाही हात लावायचा नाही!" मामा मान हलवून गेले.

पुढं कळलं, पानावरून तिकिटं आपोआप निघायची सोय आहे. रकान्यात दिवस भरलेले असले की झालं. मी एका दुपारी सगळं लावून टाकलं आणि सोमवारी निवांत चहा प्यायला लागलो. मोकळा रकाना माझ्या ध्यानातही आला नाही.

दीड महिन्यानं भर दुपारी लाइट गेली. जनरेटर ढिम्म. बॅटरी पार उतरलेली. डायलिसिसच्या खोलीत माढ्याच्या एक आजी मशीनला जोडलेल्या, रक्त नळीत, आणि ते गोठू नये म्हणून सिस्टर हातानं मशीनचा दांडा फिरवतायत. मामांनी पळत जाऊन ॲम्ब्युलन्सची बॅटरी काढून आणली, जोडली. जनरेटर लागला. आजी वाचल्या.

"मामा, जनरेटर चालवून बघत नव्हता?" मी ओरडलो.

"तिकीट आलं न्हाय की, साहेब."

आवाजात राग नाही, टोमणा नाही. त्यानंच जास्त लागलं. मला स्वतःचीच चीड आली.

रकाना मी त्याच दिवशी भरला. आता दर सोमवारी तिकीट निघतं, मामा जनरेटर चालवतात, तिकीट बंद करतात. पण पूर्वी जाता-येता कुठं पट्टा करकरला, कुठं पाणी ठिबकलं, तर ते आपणहून थांबायचे. आता सरळ पुढं जातात. परवा मी त्यांना चहाला बसवलं आणि जवळजवळ हात जोडले. "मामा, चुकलं माझं. तिकीट नसलं तरी पहिल्यासारखं लक्ष ठेवत जा ना."

मामांनी कप खाली ठेवला.

"व्हय, ठेवतो की," ते म्हणाले. तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता. "तेवढं तेचं तिकीट काढा."