परक्यासमोरची मराठी

सकाळचे पाच वीस. हेब्बाळमधल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात पद्मावती कढईत धणे भाजते आहे. ती सारपुडी, म्हणजे साराचा मसाला, करून विकते. मागच्या टॉवरमधली चाळीसेक घरं तिची गिऱ्हाइकं आहेत. बेल वाजते. तिचे यजमान भीमाचार्य दार उघडतात आणि तिथूनच मराठीत विचारतात, "अगं, दूधवाल्याला सुटे आहेत का?"

पद्मावती झारा हातात घेऊनच बाहेर येते, पैसे देते, दार लावते. मग बोलते.

"कितीदा सांगू? माणूस दारात असताना मराठी नको."

"तो तमिळ आहे गं."

"आणि तो राव? तो तेलुगू होता ना तुमचा?"

भीमाचार्य खुर्चीवर बसतात. 

हे घराणं आठ-नऊ पिढ्या कर्नाटकात आहे. दुकानात कन्नड, कचेरीत इंग्रजी, घरात मराठी. घरातल्या मराठीचा आणखी एक उपयोग असतो, आणि तो बेंगळुरूतल्या अशा प्रत्येक घराला ठाऊक आहे. साडीच्या दुकानात भाव पाडताना, रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना, पाहुणा उठायचं नाव घेत नसेल तेव्हा, नवरा-बायको परक्याच्या तोंडावर आपसात मराठी बोलतात. समोरच्याला कळत नाही, अशी खात्री असते. पद्मावतीच्या पंचावन्न वर्षांत ती एकदाही खोटी ठरली नव्हती.

भीमाचार्य एका खाजगी शाळेत संस्कृत शिकवत. लॉकडाउनमध्ये शाळेने पगार थांबवला, पुढे त्यांनाच थांबवलं. त्या वर्षी किराणा, औषधं आणि मुलीचा, संहिताचा, लॅपटॉप क्रेडिट कार्डावर आला. मूळ खर्च अठ्ठ्याहत्तर हजार. हप्ते तुंबले, व्याज चढलं, बँकेने ते जुनं खातं एका वसुली कंपनीला विकलं. गेली दोन वर्षं हे दोघं महिन्याला तीन हजार भरत होते आणि ते व्याजातच जिरत होते. कंपनीच्या हिशेबाने देणं दोन लाख दहा हजारांवर पोचलं होतं.

वसुलीला येणाऱ्या माणसाच्या गळ्यातल्या कार्डावर 'व्ही. राव' असं छापलेलं होतं. या शहरात राव कोणीही असू शकतो; भीमाचार्यांनी त्याला तेलुगू ठरवून टाकलं होतं. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, अस्खलित कन्नड. आवाज कधी चढवला नाही. चप्पल बाहेर काढून यायचा, कॉफी घ्यायचा, सर आणि अक्का म्हणायचा.

गेल्या महिन्यात एका शनिवारी तो आला आणि म्हणाला, "सर, एकरकमी तडजोड करून टाकू. किती जमेल ते सांगा, खातं कायमचं बंद."

त्याने कागद मांडीवर घेतला, पेनचं टोपण काढलं.

बँकेत तेव्हा एक लाख तीस हजार होते. चाळीस कर्जासाठी बाजूला काढलेले, नव्वद संहिताच्या फीचे. ती फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षात जाणार होती.

पद्मावती कॉफीचा पेला रावपुढे ठेवत, चेहरा न हलवता, नवऱ्याला मराठीत म्हणाली, "चाळीसच म्हणा. संहिताच्या फीचे नव्वद बाहेर काढायचे नाहीत. आणि घाबरू नका हो, हा बघा कसा बसलाय. वसुलीला आलाय की बारशाला?"

भीमाचार्यांना हसू आवरेना. खोकल्याचं निमित्त करून ते कन्नडमध्ये म्हणाले, "चाळीस हजार. त्यापलीकडे घरात काही नाही."

रावने कॉफी संपवली. पेनचं टोपण लावलं. "सरी सर, ठीक आहे. ऑफिसला विचारून सांगतो."

सोमवारी फोन आला. एक लाख तीस हजार, पाच तारखेपर्यंत. नाही तर पूर्ण दोन लाख दहा आणि फाइल कोर्टाच्या विभागाकडे.

पद्मावतीने बेरीज केली. चाळीस अधिक नव्वद. बँकेच्या पासबुकात कोणी डोकावलं का, म्हणून भीमाचार्य शाखेत जाऊन भांडून आले. संहितानेच विचारलं, "अण्णा, त्याच्यासमोर तुम्ही बोललात काय?"

चार तारखेला संध्याकाळी राव आला. चप्पल बाहेर काढली, त्याच खुर्चीत बसला. पद्मावतीने कॉफी केली नव्हती. तिने सरळ मराठीतच विचारलं, "तुम्हाला कळतं?"

"कळतं की, अक्का." तोही मराठीतच बोलला, जरा कन्नड हेलात. "विठोजी राव. आम्ही इथले मराठे. आमच्या घरी पण असंच करतात, कोणी आलं की मराठी."

"दोन वर्षांत एकदा तरी सांगायचंत."

"तुम्ही कुठं विचारलंत? आणि बारशाला नाही, वसुलीलाच आलोय."

भीमाचार्य म्हणाले, "मुलीचं वर्ष जाईल हो. स्वल्प कमी करा."

"सर, गरीब पार्टी असली की ऑफिस सोडून देतं. पैसे आहेत हे कळल्यावर सोडत नाही. त्या दिवशी मी चाळीसला लिहिणारच होतो. पेन उघडलं होतं, बघितलंत ना तुम्ही?"

"मग ऑफिसला कळवलं कोणी?"

"मीच. वसुलीवर कमिशन आहे माझं." मग त्याने पेन काढलं. "बरं, मराठी माणसं म्हणून दहा कमी करतो. एक वीस."

पद्मावती म्हणाली, कोर्टात जाऊ दे. भीमाचार्य कोर्टाच्या नावानेच गळाठले. ते तीन रात्री झोपले नव्हते. त्याच्यासमोरच पैसे कंपनीच्या खात्यात गेले आणि पावती फोनवर आली. निघताना विठोजी म्हणाला, "येतो, अक्का." घराबाहेरच्या माणसाच्या तोंडून मराठीतलं हे 'येतो' पद्मावतीने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तिने दार लावून घेतलं.

फीसाठी दहा हजार उरले. पद्मावतीच्या भावाने हात वर केले, सोनं आधीच गहाण होतं. संहिता भांडली नाही. एचएसआर लेआउटमधल्या एका दवाखान्यात रिसेप्शनचं काम तिने धरलं, वर्षभरासाठी असं ती म्हणते. घरी ती आता आईवडिलांशी कन्नडच बोलते. कोणी दारात नसतानाही.

धणे भाजून झाले. पद्मावती कढई उतरवते आणि मिरच्या घेते. भीमाचार्य अगदी हळू, पण मराठीतच विचारतात, "कॉलेजला एकदा जाऊन विनंती करून बघू का?"

"काय घेऊन जाणार?"

कॉलेजची फीची खिडकी उद्या, दहा तारखेला, दुपारी चार वाजता बंद होते. संहिताची ड्यूटी उद्याही दहा ते सात आहे.