ड्युटी संपल्यावर थांबलेली सिस्टर

माझ्या थोरल्या बहिणीला हॉस्पिटलात केमो द्यायला यायची ती सिस्टर नर्सिंग पास होऊन नुकतीच यवतमाळकडून पुण्यात आली होती. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'जी' लावायची. सुई टोचण्याआधी "आता दुखेल जी" असं सरळ सांगून टाकायची. मंडईतल्या भाजीवाल्यांना धाकात ठेवणाऱ्या आमच्या ताईला ते फार आवडायचं.

एका दुपारी ताईने तिला विचारलं, "औषध लागू पडतंय का गं?"

रिपोर्ट चांगला नव्हता, हे मला ठाऊक होतं. ताईच्या पाठीमागून मी हात जोडले, 'हो' म्हण अशी खूण केली. तिने ती पाहिली. हातातला ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "ते मी नाही सांगू शकत जी. संध्याकाळी डॉक्टर येतील, त्यांनाच विचारू. मी थांबते तुमच्याजवळ."

तासाभराने तिची ड्युटी संपली. कपडे बदलून, खांद्याला पर्स अडकवून ती परत आली आणि ताईच्या उशाशी बसली. औषधाचा उपयोग होत नाही, ते बदलावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा ताईने हात धरला तो तिचा, माझा नाही. मग ताई म्हणाली, "ठीक आहे. पण नवं औषध हीच देईल."

ताईला रिक्षात बसवल्यावर मी त्या पोरीला विचारलं, "एवढा धीर कुठून आणलास गं?"

"धीर कुठला जी," ती म्हणाली. "पाय लटपटत होते, म्हणून तर बसले."