सिस्टरचा डावा हात

जाफराबाद तालुक्यातल्या त्या गावाची आठवण आली की मला आधी कापूस दिसतो. दिवाळी उलटून गेलेली, वेचणी जोरात, आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीला कुठे ना कुठे थोडा कापूस चिकटलेला. बाभळीच्या काट्यांना, एसटीच्या खिडक्यांना, दवाखान्याच्या जाळीच्या दाराला. दुपारी पेशंट संपले की मी व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे आणि हवेत तरंगणारे तंतू बघत राहायचे. ते खाली यायला इतका वेळ घ्यायचे की बघता बघता माझे डोळे मिटायचे. त्या महिन्यांतलं बरंचसं मला असंच आठवतं, थोडं जागेपणीचं, थोडं पेंगेतलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शेवटची परीक्षा पास होऊन मी इंटर्नशिपला लागले होते, आणि त्यातले काही महिने खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात काढावे लागत. माझ्या वर्गातली मुलं नाक मुरडत जायची. मी मात्र खुशीत आले, कारण मला लपायला जागा हवी होती.

झालं होतं असं की कॉलेजच्या वॉर्डात एका बाईला सलाईन लावताना माझी सुई चार वेळा चुकली. बाई कळवळून रडायला लागली. वरच्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझ्या हातातून सुई काढून घेतली आणि विचारलं, "हिला कुणी सांगितलं डॉक्टर व्हायला?" सगळे हसले. त्यांचं हसणं मी विसरले असते, पण त्या बाईचं "नको गं माय, नको" काही कानातून जाईना. तेव्हापासून सुई हातात घेतली की माझी बोटं थरथरायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझी गत अशी की मला ताकाचं भांडंसुद्धा दिसायला नको होतं.

ॲप्रनच्या खिशात वडिलांना लिहिलेलं पत्र होतं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, आणि आमच्या अख्ख्या भावकीत डॉक्टर होणारी मी पहिली. पत्रात इकडचं तिकडचं बरंच होतं, पण खरी ओळ एकच: बाबा, मला हे जमणार नाही, मी घरी परत येते. टपालाची लाल पेटी दवाखान्याच्या फाटकालाच टांगलेली होती. रोज जाता-येता मी तिच्याकडे बघायचे आणि उद्या टाकू म्हणायचे.

दवाखान्यातले मोठे डॉक्टर भले गृहस्थ होते, पण बैठकांनी गांजलेले. आठवड्यातले दोन-तीन दिवस ते तालुक्याच्या गावी. दवाखाना खरा चालायचा तो सिस्टरवर. चाळिशीच्या, पिंपळगाव रेणुकाईच्या, पांढऱ्या साडीवर ठसठशीत कुंकू लावणाऱ्या. सकाळी आल्या की स्टोव्हला पंप मारायच्या, सुया आणि काचेच्या सिरिंजा उकळत ठेवायच्या आणि त्या खदखदणाऱ्या पाण्याशी गप्पा मारल्यासारखं पुटपुटत राहायच्या. मला वाटायचं मंत्र असेल. एकदा जवळ जाऊन ऐकलं तर त्या काल न आलेल्या पेशंटांची नावं घेत होत्या.

इंजेक्शन द्यायची वेळ आली की मी म्हणायचे, "सिस्टर, तुम्हीच द्या ना, मी तोवर कागद लिहिते." तीन दिवस त्यांनीच इंजेक्शनं दिली. चौथ्या दिवशी दुपारी, व्हरांड्यात कुणी नसताना, त्यांनी स्टूल ओढलं, टेबलावर डावा हात पालथा टाकला, मग उताणा केला.

"बाई, या इकडं. टोचा."

"कुणाला?"

"मला. शीर सापडली तर रक्त येईल, न्हाई सापडली तर न्हाई. आपल्याला काय जल्दी न्हाई."

मी मागे सरकले. त्या हसल्या. कोपराच्या खाली एक फिकट, सुरकुतलेला डाग होता, तो त्यांनी दाखवला. "लहानपणी आधणाचं पाणी सांडल्तं. तवापासून हा हात बधिर हाय. बिलकुल समजत न्हाई. तुमच्या आधीचे डाक्टर लोक ह्याच हातावर शिकून गेले. तुमी काय घाबरून राह्यल्या?"

काय सांगू, त्या एका वाक्यानं माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. ज्याला दुखतच नाही अशा हाताला भ्यायचं कशाला? पहिल्या दिवशी दोनदा चुकले. सिस्टर जाळीच्या दाराबाहेर बघत होत्या, यंदा तुरीला शेंगा कमी आहेत असं काहीतरी सांगत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दुपारचं ऊन फरशीवर सरकत यायचं, स्टोव्ह फुरफुरायचा, हवेत कापूस, आणि माझ्या बोटाखाली ती शीर दोरीसारखी हळूच सरकायची. मला ते सगळं स्वप्नासारखं वाटायचं, कारण स्वप्नातच असं होतं, आपण कुणाला टोचतो आणि कुणाला काही होत नाही. पंधरा दिवसांत माझा हात थरथरायचा थांबला.

मग एका सकाळी शेतातून जीपनं एक मजूर बाई आणली. जुलाबांनी पार सुकलेली, डोळे खोल गेलेले. मोठे डॉक्टर बैठकीला गेलेले. सिस्टरनी सलाईनची बाटली हातात घेतली आणि बाजूला उभ्या राहिल्या. सुई त्यांनी घेतली नाही.

"सिस्टर, तुम्ही..."

"माझे हात गुंतलेत. तुमीच करा. बराबर जमतंय तुमाला."

शिरा सगळ्या बसून गेलेल्या. मी बोटानं चाचपत राहिले, मनात म्हटलं, हा सिस्टरचाच हात आहे. पहिल्याच झटक्यात सुई आत गेली. दुपारपर्यंत बाई उठून बसली आणि आपली वेचणी बुडाली म्हणून माझ्यावरच करवादली. मला इतका आनंद झाला की मी मागच्या बाजूला जाऊन रडले. त्या संध्याकाळी ॲप्रन धुवायला टाकला, खिशातलं पत्र काढायचं विसरले. दोरीवर वाळत घालताना हातात कागदाचा लगदा आला. तो लगदा मी लिंबाखाली टाकून दिला.

पुढं मी डॉक्टर झाले, शिकवायलाही लागले. दोन हजार साल उलटून गेल्यावर माझ्याच इंटर्न मुलांना घेऊन भोकरदनकडे गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून पिंपळगावला सिस्टरकडे गेले. त्या निवृत्त झालेल्या, केस पांढरे, कुंकू तेवढंच ठसठशीत. जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या. तव्यावरची भाकरी उलटताना गरम तव्याची कड त्यांच्या डाव्या हाताला लागली. नेमकी त्या फिकट डागावर.

"आई गं!" म्हणून त्यांनी हात झटकला आणि पाण्याच्या तांब्यात बोटं बुडवून डागावर पाणी लावलं.

"सिस्टर, हा हात तर बधिर होता ना?"

"कोण म्हणलं?"

"तुम्हीच म्हणाला होतात!"

"मी म्हणले, आन् तुमी ऐकलं?" त्या खळखळून हसायला लागल्या. "डाक्टर तुमी का मी? तपासायचं न्हाई का?"

स्पर्श कळतो की नाही हे बघायला काय लागतं? पेशंटचे डोळे मिटायचे आणि कापसाचा तंतू कातडीवरून फिरवायचा. पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. आणि मी कुठे होते, तर जिथे श्वास घेतला तरी नाकात कापूस जायचा! काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या आधीच्या आणि नंतरच्या एकाही शहाण्यानं तो तंतू उचलून त्या हाताला लावला नव्हता. आम्हाला तो हात बधिरच हवा होता.

"दुखायचं?" मी विचारलं.

"दुखतंच की. सुई हाय ती." त्यांनी भाकरी ताटात वाढली. "पर तुमचा चेहरा बघून वाटायचं, हिला माझ्याहून जास्त दुखून राह्यलंय. मंग म्हणलं, दुखू द्या थोडं. जेवा आता, गार व्हईल."

मी जेवले. काय जेवले ते आठवत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी वॉर्डात एक इंटर्न मुलगी दिसली. ट्रे हातात, आणि ट्रेमधल्या सिरिंजा एकमेकींवर आपटून बारीक वाजत होत्या. तिच्या ॲप्रनच्या खिशात कसलं पत्र होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. दुपारी तिला माझ्या खोलीत बोलावलं, बाही वर केली आणि डावा हात टेबलावर ठेवला. म्हटलं, "टोच. लहानपणापासून या हाताला काही समजत नाही."

पोरगी हुशार निघाली. तिनं ट्रेमधला कापसाचा बोळा घेतला, त्यातून एक तंतू ओढून काढला आणि म्हणाली, "मॅडम, जरा डोळे मिटता?"

मी मिटले. बाहेर दुपार होती. कोपराच्या खाली काहीतरी हलकंसं सरकत आलं, आणि मी पुन्हा त्या व्हरांड्यात होते, ऊन फरशीवर, स्टोव्ह फुरफुरतोय, सिस्टर दाराबाहेर तुरीकडे बघतायत.

"कळतंय का मॅडम?"

तो तंतू मला मनगटापर्यंत कळत होता.

"नाही गं," मी म्हटलं. "टोच तू."